खालच्या जबड्यातला अ‍ॅमेलोब्लास्टोमा: खरवडायचं की हाड काढायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या एका वाचकाची २४ वर्षांची धाकटी बहीण. डाव्या बाजूला खालच्या दाढांपाशी दीडेक वर्षापासून सूज आहे, दुखत मात्र नाही. दाताच्या डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या, मग हलणारी दाढ काढली. जखम भरली, सूज तशीच राहिली. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, जबड्याच्या कोपऱ्याशी कप्पे-कप्पे असलेली काळी जागा दिसली आणि बायोप्सीत 'अ‍ॅमेलोब्लास्टोमा, फॉलिक्युलर' असं आलं. एक सर्जन म्हणतात, तोंडातूनच खरवडून काढू, दोन दिवसांत घरी. दुसरे म्हणतात, जबड्याचा तेवढा भाग काढून पायाचं हाड बसवावं लागेल. घरात स्थळं बघणं चालू आहे. भावाचे प्रश्न तीन: हा कॅन्सर आहे का, तंबाखूला कधी हात न लावलेल्या मुलीला हे झालं कसं, आणि दोघांपैकी ऐकायचं कोणाचं?

निकाल आधी सांगतो. अ‍ॅमेलोब्लास्टोमा ही दात बनवणाऱ्या पेशींपासून जबड्याच्या हाडात होणारी गाठ. हा कॅन्सर नाही. रिपोर्ट बरोबर असेल आणि सीटीतही तेच चित्र दिसलं, तर दुसऱ्या सर्जनचं ऐका. पण त्याआधी दोन गोष्टी करून घ्या: जबड्याचा सीटी स्कॅन, आणि बायोप्सीच्या स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून, शक्यतो तोंडाच्याच आजारांचे तज्ज्ञ असलेल्यांकडून, परत तपासणं. तुमच्या बहिणीचं वय २४ आहे आणि या वयात गाठीचा एक सौम्य प्रकारही असू शकतो. तो असेल तर पहिले सर्जनही पूर्ण चुकीचे ठरत नाहीत. ते पुढे सविस्तर सांगतो.

झालं कसं, हे घरचे फार विचारतात, म्हणून ते आधी. दात तयार होताना तोंडाच्या अस्तरातून पेशींची एक पट्टी जबड्यात उतरते. दात बनले की तिचं काम संपतं, पण थोड्या पेशी हाडात आणि हिरडीत मागे राहतात. आपल्या सगळ्यांच्याच राहतात. क्वचित कोणाच्या तरी अशा पेशींमध्ये वाढीचा हुकूम देणाऱ्या जनुकात बिघाड होतो आणि त्या वाढत सुटतात. खालच्या जबड्यातल्या निम्म्याहून जास्त गाठींमध्ये 'बीआरएएफ' नावाच्या जनुकातला एकच ठरावीक बिघाड सापडतो. हे २०१४ मध्ये उघड झालं. बिघाड फक्त त्या गाठीत असतो, रक्तातून मुलाबाळांकडे जात नाही. खाण्यापिण्यातून झालेला नाही, कोणाच्या उष्ट्याने झालेला नाही आणि आईने लहानपणी दात नीट घासून घेतले नाहीत म्हणूनही झालेला नाही.

तंबाखूचं वेगळं सांगतो, कारण सोलापुरात तोंडाला सूज म्हटली की पहिला प्रश्न मावा खातेस का, मिश्री लावतेस का, हाच असतो. घरात विड्या वळायचं काम असेल तर आईच स्वतःला दोष देत बसते. तंबाखूचा कॅन्सर तोंडाच्या अस्तरात सुरू होतो: गालाला, हिरडीला, जिभेच्या कडेला, न भरणाऱ्या जखमेच्या रूपात. अ‍ॅमेलोब्लास्टोमा हाडाच्या आत सुरू होतो आणि वरची हिरडी वर्षानुवर्षं गुलाबी, निरोगी दिसते. म्हणूनच तो लवकर सापडतही नाही. वर्षाला दहा लाख माणसांमागे जेमतेम एखादा रुग्ण, एवढा तो दुर्मीळ आहे. दात काढणाऱ्या डॉक्टरांवर राग असेल तर तो जरा आवरा. गावातल्या दवाखान्यात अशी केस आयुष्यात एकदा-दोनदा दिसते. राग धरायचाच असेल तर 'दाढ काढण्याआधी एक्स-रे का नाही' या एका मुद्द्यावर धरा. तो मुद्दा रास्त आहे.

आता निदानाचं. माझ्या खुर्चीत असा रुग्ण बसला की पहिली दोन-तीन मिनिटं मी फक्त बोटं फिरवतो. एक बोट गालाच्या बाजूने, एक जिभेच्या बाजूने. हाड दोन्हीकडे फुगलंय का? कीटकाने कुरतडल्यासारखी एकच जागा मऊ लागते की सगळा फुगा कठीण आहे? हाडाचा थर फारच पातळ झाला असेल तर अंगठ्याखाली तो आत दबतो आणि किंचित कुरकुरतो. एकदा हाताला लागली की ही खूण परत विसरत नाही. मग दात हलवून बघतो आणि शेवटी ओठ. कापसाच्या टोकाने डाव्या-उजव्या ओठाला स्पर्श करून विचारतो, दोन्हीकडे सारखं लागतंय का? एवढी मोठी गाठ असूनही अ‍ॅमेलोब्लास्टोमात ओठाची जाणीव बहुधा शाबूत असते, कारण तो नस खात नाही, बाजूला ढकलतो. गाठ लहान आणि ओठ मात्र बधिर, असं असेल तर माझे कान टवकारतात. मग मी काहीतरी जास्त वाईट शोधायला लागतो. तुमच्या पत्रात ओठाबद्दल काहीच नाही, तेव्हा बहिणीला विचारून बघा.

ओपीजीत कप्पे दिसणं, गाठीजवळच्या दाढांची मुळं सुरीने छाटल्यासारखी आखूड झालेली दिसणं, आणि जागा खालच्या दाढांच्या मागे, जबडा वर वळतो तिथे असणं, हे सगळं अ‍ॅमेलोब्लास्टोमाशी जुळतं. सुमारे ८० टक्के गाठी खालच्याच जबड्यात होतात आणि त्यातल्या बहुतेक या मागच्या भागात. पण कप्पे दिसणारं प्रत्येक चित्र अ‍ॅमेलोब्लास्टोमा नसतं. केराटोसिस्ट नावाची दुसरी गाठ हाडाच्या लांबीत पसरते, मात्र हाड फारसं फुगवत नाही. तिच्यात सुई घातली की दाट, चीजसारखा पांढरट माल येतो. मिक्सोमा नावाची गाठही अशीच दिसते. जायंट सेलची गाठ निघाली तर रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासल्याशिवाय तिला हातही लावायचा नाही, कारण कधी कधी मूळ रोग गळ्यातल्या ग्रंथीत असतो आणि जबड्यात नुसता त्याचा परिणाम दिसतो.

आणि एक जागा अशी आहे जिथे मी कोणाचंही ऐकत नाही: सुरी लावण्याआधी जाड सुई घालून ओढायचं. पिवळसर पाणी आलं तर ठीक. सिरिंज आपोआप तांबड्या रक्ताने भरली, तर आतमध्ये रक्तवाहिन्यांचं जाळं असू शकतं. तिथे बायोप्सी केली किंवा नुसती दाढ उपटली, तरी टेबलावर रक्त थांबत नाही. तुमच्या बहिणीची दाढ निघाली आणि बायोप्सीही झाली, म्हणजे ती भीती आता उरलेली नाही.

बायोप्सीचा तुकडा कुठून घेतला, याला फार महत्त्व आहे. बाहेरच्या पातळ भिंतीतून नखाएवढा तुकडा आला तर रिपोर्ट 'साधी सिस्ट' असा येऊ शकतो आणि आत अ‍ॅमेलोब्लास्टोमा बसलेला असतो. शिवाय दाढ काढलेल्या जागेवरून तुकडा घेतला असेल तर तिथली सूज स्लाइडवर गोंधळ घालते. पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसायला हवं ते असं: पेशींच्या बेटांच्या कडेला उंच पेशी ओळीने उभ्या, त्यांची केंद्रकं कडेपासून दूर सरकलेली, आणि बेटाच्या मध्यभागी ताऱ्यांसारख्या विरळ पेशी. 'फॉलिक्युलर' म्हणजे अशी बेटं. 'प्लेक्सिफॉर्म' म्हणजे त्याच पेशींच्या जाळीदार दोऱ्या. या दोन नावांवरून घाबरायचंही नाही आणि निश्चिंतही व्हायचं नाही. उपचार त्यावर ठरत नाही.

उपचार ठरतो तो नेहमीचा अ‍ॅमेलोब्लास्टोमा आहे की युनिसिस्टिक, म्हणजे वर म्हटलेला एकाच पोकळीचा सौम्य प्रकार, यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणाने नेहमीच्या प्रकाराच्या नावातून 'सॉलिड/मल्टिसिस्टिक' हे शब्द काढून टाकले. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं दिसलं तर तो वेगळा आजार समजू नका. युनिसिस्टिक हा बहुधा विशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींना, पुष्कळदा अडकलेल्या अक्कलदाढेभोवती होतो. एक्स-रेत कप्पे नसतात, एकच गोल पोकळी असते. गाठीच्या पेशी पोकळीच्या आतल्या अस्तरापुरत्याच असतील, किंवा अस्तरातून पोकळीच्या आत वाढलेल्या असतील, तर पूर्ण सिस्ट काढून, भोवतालचं हाड बर, म्हणजे बारीक ड्रिल, घेऊन थोडं घासून किंवा उरलेल्या पेशी मारणारं कार्नॉयचं द्रावण लावून भागतं. सिस्ट फार मोठी असेल तर आधी काही महिने तिला तोंडात उघडी ठेवून आकसू देतात. पण पेशी भिंतीच्या जाडीत शिरल्या असतील, तर मी तिला नेहमीच्या अ‍ॅमेलोब्लास्टोमासारखंच वागवतो. अडचण अशी की एका तुकड्यावरून हे नक्की सांगता येत नाही, पूर्ण भिंत तपासावी लागते. तुमच्या बहिणीच्या ओपीजीत कप्पे आहेत, स्लाइडवर बेटं आहेत, मुळं छाटलेली असतील तर तीही. माझा कल नेहमीच्या प्रकाराकडे जातो. तरी सीटीत कप्पे खरे आहेत की एकाच पोकळीच्या भिंतीवरच्या कडा ओपीजीत कप्प्यांसारख्या दिसताहेत, एवढं बघायलाच हवं.

नेहमीचा प्रकार खरवडून का निघत नाही? जबड्याच्या बाहेरचा थर घट्ट असतो, आतलं हाड जाळीदार. गाठीच्या पेशी त्या जाळीतून वाट काढत एक्स-रेत दिसणाऱ्या कडेच्या पुढे काही मिलिमीटर गेलेल्या असतात. खरवडताना जे हाताला लागतं ते निघतं, जे जाळीत शिरलंय ते राहतं. जोंधळ्याच्या रानात हरळी वरवर काढल्यासारखंच ते. म्हणून दिसणाऱ्या कडेपासून एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाड धरून काढतात. गाठीने बाहेरचा थर फोडला असेल तर त्यावरचा मऊ भागाचा एक थरही सोबत जातो. नुसत्या खरवडण्यानंतर नेहमीचा अ‍ॅमेलोब्लास्टोमा निम्म्याहून जास्त वेळा परत आल्याचं प्रसिद्ध झालेल्या रुग्णांच्या बऱ्याच अभ्यासांमध्ये दिसतं. काही अभ्यासांमध्ये हा आकडा ९० टक्क्यांपर्यंत गेलाय. हाडासकट काढल्यावर तो साधारण १५ टक्क्यांच्या आत राहतो. आणि परत आलेली गाठ पहिल्या जागीच गुपचूप बसत नाही. ती स्नायूंत, वर कानाकडे, कवटीच्या तळाकडे सरकते. पहिल्या वेळी सहा सेंटिमीटर हाडाने भागलं असतं, तिथे दुसऱ्या वेळी सांध्यासकट अर्धा जबडा काढावा लागलेले रुग्ण मी पाहिलेत. पहिलं ऑपरेशन हेच सगळ्यात सोपं आणि सगळ्यात महत्त्वाचं असतं.

दुसरी बाजूही सांगतो. जपानसह काही ठिकाणी तरुण रुग्णांमध्ये गाठ काढायची, मग ठरावीक अंतराने भरून येणाऱ्या जागेतला व्रणाचा भाग परत परत काढत राहायचं, अशी जबडा वाचवणारी पद्धत वापरतात. ती वेडेपणाची नाही. पण तिची अट एकच: रुग्ण वर्षानुवर्षं वेळेवर परत यायला हवा. आपल्याकडे दुखायचं थांबलं की माणूस येत नाही, आणि हा आजार तर मुळात दुखतच नाही. मोहोळ, मंगळवेढ्याहून पहिल्यांदा येणारा रुग्ण गाल सपाट झाला की थेट पाच वर्षांनी उगवतो. म्हणून इथे, या वयात, या चित्राला ती पद्धत मी सुचवत नाही. पहिल्या सर्जनना एवढंच विचारा: खरवडल्यानंतर दहा वर्षांची तपासणी कशी ठेवाल, आणि परत आली तर पुढचा बेत काय?

ऑपरेशनचं ऐकून घरात रडारड झाली असेल, म्हणून नेमकं काय होतं ते सांगतो. जबड्याच्या खालच्या कडेचं किमान एक सेंटिमीटर निरोगी हाड राखता येत असेल, तर जबडा सलग ठेवून फक्त वरचा भाग काढता येतो. कोपऱ्यातल्या मोठ्या गाठीत हे बहुधा जमत नाही, मग पूर्ण तुकडा निघतो. तो टेबलावरच एक्स-रेखाली धरून दोन्ही टोकांना पुरेसं निरोगी हाड आहे का, हे बघता येतं. सर्जन असं करतात का, विचारा. जागा टायटॅनियमच्या प्लेटने सांधतात. नुसत्या प्लेटवर थांबणं मला तरुण रुग्णात पटत नाही. काही वर्षांनी प्लेट मोडते किंवा कातडीतून बाहेर डोकावते, आणि तिच्यावर दात बसवता येत नाहीत.

हाड दोन ठिकाणांहून आणतात. अंतर पाच-सहा सेंटिमीटरच्या आत असेल आणि तोंडातलं अस्तर नीट बंद होत असेल, तर कमरेच्या हाडाचा तुकडा चालतो. अंतर मोठं असेल तर पायाचं फिब्युला, नडगीच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड, रक्तवाहिनीसकट काढून मानेतल्या रक्तवाहिनीला मायक्रोस्कोपखाली जोडतात. न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गोंनी १९८९ मध्ये जबड्यासाठी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आज ती जगभर पहिल्या पसंतीची आहे. पाय अधू होतो का? शरीराचा भार नडगीवर असतो, फिब्युलावर फारसा नाही, आणि घोट्याजवळचं व गुडघ्याजवळचं सहा-सात सेंटिमीटर हाड तसंच ठेवतात. काही दिवस लंगडत चालावं लागतं, फिजिओथेरपी लागते, घोट्यात थोडी कमजोरी राहू शकते. ऑपरेशनआधी पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घेतात. ऑपरेशन आठ-दहा तास चालतं आणि पहिले दोन-तीन दिवस नर्स दर काही वेळाने जोडलेल्या भागाचा रंग आणि रक्तप्रवाह बघत राहते. त्या दिवसांत नातेवाइकांची वॉर्डात गर्दी नको.

काय गमवावं लागेल तेही ऐका. खालच्या ओठाची डाव्या बाजूची जाणीव बहुतेक जाईल, कारण ती नस काढायच्या हाडातूनच जाते. काही ठिकाणी नस जोडून जाणीव थोडी परत आणायचा प्रयत्न होतो. कानाखालून मानेच्या घडीत एक व्रण राहील. ओठाचा कोपरा काही आठवडे तिरका दिसू शकतो. दात सहा महिने ते वर्षभरानंतर इम्प्लांटवर बसवतात. तोवर नळीतून, मग पातळ, मग मऊ खाणं. आमच्या रुग्णांचा ठरलेला प्रश्न असतो, कडक भाकरी कधी? नवं हाड जुळून इम्प्लांटवर दात बसेपर्यंत नाही. तोवर भाकरी दुधात किंवा आमटीत चांगली कुस्करून, आणि शेंगाची चटणी अगदी बारीक कुटून.

गोळ्यांनी जातो का? बीआरएएफ बिघाडावर चालणाऱ्या डाब्राफेनिबसारख्या औषधांनी काही मोजक्या रुग्णांत गाठ आकसल्याचं प्रसिद्ध झालंय. ऑपरेशन अशक्य असलेल्या, परत परत उलटलेल्या किंवा फुप्फुसात पसरलेल्या अतिदुर्मीळ रुग्णांसाठी त्याचा विचार होतो. तुमच्या बहिणीसाठी आज नाही. रेडिएशनही नाही. गालाला लेप, शेक, मालिश तर अजिबात नको. 'बाजूची दाढ हलतीय, तीही काढून टाकू' असं कोणी म्हणालं तर तेही थांबवा.

लग्नाचं. 'आधी लग्न उरकू, मग बघू' हे करू नका. गाठ सावकाश वाढते, त्यामुळे चार-सहा आठवडे योग्य टीम शोधायला गेले तर बिघडत नाही. पण वर्षभर थांबलात तर हाड जास्त जातं. शिवाय लग्नानंतर लवकर दिवस राहिले तर स्कॅन, भूल, सगळं पुढे ढकलावं लागतं. या आजाराचा मूल होण्याशी काही संबंध नाही. समोरच्या घराला सांगायचं की नाही हे तुमचं घर ठरवेल, पण ते बहिणीला विचारून ठरवा. माझं मत सांगून टाकण्याचं आहे. मानेवरचा व्रण आणि बधिर ओठ लपत नाही आणि मग खरं कमी, बाकीच्याच गोष्टी जास्त बोलल्या जातात.

खर्चाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं, हे सिव्हिलमध्ये किंवा योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन विचारा. भरती होण्याआधी विचारा, नंतर नव्हे. जबडा काढणं आणि हाड बसवणं या दोन्हींना मंजुरी मिळतेय का, हे वेगवेगळं विचारा. एकाला मिळते आणि दुसऱ्याचा खर्च अंगावर येतो, असं होऊ शकतं. सर्जनना विचारा की रक्तवाहिन्या जोडणारी टीम त्यांच्यासोबत नेहमी काम करते का, आणि जोडणी बंद पडली तर रात्री उघडायला कोण असतं? उत्तर इथे समाधानकारक मिळालं तर सोलापूर सोडायची गरज नाही. नाही मिळालं, तर पुण्याला सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने किंवा मुंबईला रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने जाऊन एक मत घेऊन या.

जाताना नुसते रिपोर्टचे कागद नेऊ नका. ओपीजीची फिल्म, सीटीची सीडी, बायोप्सीच्या स्लाइड आणि बायोप्सीचा तुकडा जपलेले मेणाचे ब्लॉक हे सगळं लॅबकडून मागून घ्या, ते तुम्हाला मिळायला हवं. दाढ काढण्याआधीचा एखादा जुना एक्स-रे कुठल्या फाइलीत सापडला तर तोही घ्या. गाठ किती वेगाने वाढली हे त्यावरूनच कळतं. ऑपरेशननंतर पहिली काही वर्षं दर सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी, किमान दहा वर्षं, एक ओपीजी काढायचा आहे. गाठ परत येते तेव्हा बहुधा पहिल्या पाच वर्षांत येते, पण दहा वर्षांनंतर आलेल्याही असतात. सासर दुसऱ्या गावी असलं तरी फिल्म तिच्याच जवळ राहू द्या, माहेरच्या कपाटात नको.